फोर्कलिफ्टची धडक : अपघात का होतो, जबाबदार कोण आणि भरपाई कशी मागायची?
गोंदिया जिल्ह्यातील कामगार, हमाल आणि तरुण कार्यकर्त्यांसाठी माहिती

गोदामात किंवा कारखान्यात फोर्कलिफ्टची धडक बसून माणूस जखमी झाला, की पहिला प्रश्न विचारला जातो : "गाडी कोण चालवत होता?" बहुतेक वेळा गुन्हाही त्या ऑपरेटरवरच नोंदवला जातो. जखमी झालेला हमाल ठेकेदाराचा आणि ऑपरेटरही ठेकेदाराचाच. दोघेही रोजंदारीवर, दोघांच्याही हातात नेमणूकपत्र नाही. एक रुग्णालयात पडतो, दुसरा पोलिस ठाण्याच्या चकरा मारतो. ज्याने चिंचोळ्या वाटेत माणसे आणि यंत्र एकत्र सोडले, ज्याने पायी चालणाऱ्यांसाठी पट्टा आखला नाही, त्याचे नाव कागदावर येतच नाही.

कायदा मात्र वेगळे सांगतो. कामाच्या जागेची सुरक्षितता ही आधी मालकाची जबाबदारी आहे आणि भरपाई मिळण्यासाठी कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. आपल्या वस्त्यांमधली अनेक मुले आज गोदामांत, गिरण्यांत आणि औद्योगिक वसाहतींत काम करतात. त्यांच्या घरच्यांना ही माहिती अपघातानंतर नव्हे, अपघाताच्या आधी असायला हवी.

गोंदियाचा या यंत्राशी संबंध कुठे येतो?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला तेव्हाही भात गिरण्या हाच इथला मुख्य उद्योग होता आणि आजही आहे. शासकीय खरेदी केंद्रांवर धान येते, भरडाईसाठी गिरणीत जाते, तयार तांदूळ गोदामात थप्पीला लागतो आणि पुढे ट्रकने किंवा रेल्वेच्या रेकने बाहेर जातो. या साखळीत अजूनही मुख्य भार हमालाच्या पाठीवरच आहे. पण जिथे माल पॅलेटवर रचला जातो, जिथे मोठी यंत्रे किंवा जड सुटे भाग हलवावे लागतात, तिथे फोर्कलिफ्ट येते. तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांच्या आवारात फोर्कलिफ्टसोबत उचलून नेणारी क्रेन, म्हणजे कामगार जिला 'हायड्रा' म्हणतात ती, वापरली जाते. धडकेचा धोका दोन्हींचा सारखाच.

दुसरा संबंध स्थलांतराचा. गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली मुले कामासाठी नागपूरच्या बुटीबोरी आणि हिंगण्याला, पुण्याच्या चाकणला, भिवंडीच्या गोदामांत जातात. तिथे फोर्कलिफ्ट हे रोजचे यंत्र आहे. अपघात चाकणला होतो, पण त्याचे ओझे गोंदियातल्या घरावर पडते. म्हणून हा विषय जितका औद्योगिक वसाहतीचा, तितकाच आपल्या गावाचाही आहे.

यंत्र समजून घेतले तर धोका कळतो

फोर्कलिफ्ट आकाराने लहान दिसते, त्यामुळे लोक तिला गाडीसारखे समजतात. ती गाडीसारखी वागत नाही.

*वजन.* अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन साधारण साडेतीन ते चार टन असते. पुढे उचललेल्या मालाचा तोल साधायला तिच्या मागच्या बाजूला लोखंडाचा जड ठोकळा असतो. भरलेली फोर्कलिफ्ट सहा टनांच्या पुढे जाते. तिचे चाक पायावरून गेले, तर साध्या चपलेतला पाय वाचत नाही.

*वळण.* मोटारगाडीची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे पुढचा भाग एका बाजूला वळला की मागचा ठोकळा उलट दिशेला झपाट्याने फिरतो. शेजारी उभा असलेला माणूस गाडी पुढे चालली आहे म्हणून निर्धास्त असतो आणि मागच्या भागाचा तडाखा बसून भिंतीशी किंवा थप्पीशी चेपला जातो.

*नजर.* समोर उंच माल असला की ऑपरेटरला पुढचे काहीच दिसत नाही. अशा वेळी मागे पाहत गाडी उलटी चालवायची असते, किंवा खाली उभा राहून खुणा करणारा माणूस द्यायचा असतो. घाईत दोन्ही होत नाही.

*थांबण्याचे अंतर.* ताशी १० किलोमीटर वेगाने फोर्कलिफ्ट एका सेकंदात जवळपास पावणेतीन मीटर पुढे जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर सहज संपते. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात होते. भरल्या गाडीला जोरात ब्रेक लावला तर माल पुढे घसरतो, म्हणून ऑपरेटर तो लावायलाही कचरतो.

*तोल.* माल वर उचलून गाडी चालवली, तिरक्या उतारावर वळवली किंवा वळणावर वेग ठेवला, तर ती आडवी होते. पडणाऱ्या गाडीतून ऑपरेटर उडी मारतो आणि डोक्यावरच्या लोखंडी छताखालीच सापडतो. म्हणून नियम असा : पट्टा बांधलेला असावा, गाडी कलंडू लागली तर उडी मारू नये, सुकाणू घट्ट धरावे, पाय टेकवून बसून राहावे आणि ज्या बाजूला गाडी पडते आहे त्याच्या उलट बाजूला झुकावे.

धडक का होते?

"ड्रायव्हरचे लक्ष नव्हते" हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. पुढील कारणे तपासली तर बहुतेक ठिकाणी एकापेक्षा जास्त सापडतात.

१. माणसांची आणि यंत्राची वाट एकच असणे. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा पट्टा किंवा कठडा नाही. पाणी प्यायला, शौचाला किंवा हजेरी लावायला जायचे तरी फोर्कलिफ्टच्या वाटेतूनच जावे लागते.

२. आंधळे कोपरे. थप्प्या दाराच्या तोंडापर्यंत रचलेल्या असतात. पलीकडून काय येते ते दिसत नाही आणि कोपऱ्यावर आरसा नसतो.

३. आवाज. भात गिरणी चालू असताना हॉर्न ऐकू येत नाही. विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टला तर स्वतःचा आवाजच जवळपास नसतो.

४. जमीन. फरशीवर कोंडा आणि तूस पसरलेले, पावसाळ्यात उतार ओला, कुठे खड्डा. चाक घसरते, ब्रेक धरत नाही.

५. ट्रक भरण्याची घाई. ट्रकच्या मागे हमाल उभा असतो, फोर्कलिफ्ट पॅलेट घेऊन येते आणि माणूस ट्रकच्या फळीत व दात्यांत सापडतो. ट्रकचालकाने ब्रेक सोडला तरी हेच होते.

६. अप्रशिक्षित चालक. ऑपरेटर रजेवर असला की "तू जरा चालव" म्हणून हेल्परला बसवले जाते. अमेरिकेत १९९९ पासून प्रत्येक ऑपरेटरला प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाच्या जागी चाचणी आणि किमान दर ३ वर्षांनी फेरतपासणी बंधनकारक आहे. १८ वर्षांखालील मुलाला तिथे हे यंत्र चालवता येत नाही. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी चार दिवस शेजारी उभे राहून पाहणे हेच प्रशिक्षण समजले जाते.

७. दुरुस्ती टाळणे. मागे घेताना वाजणारा भोंगा बंद, दिवा फुटलेला, ब्रेक ढिले, तरी गाडी चालू.

८. दात्यांवर माणूस उचलणे. वरच्या थरातले पोते काढायला किंवा बल्ब बदलायला माणसाला दात्यांवर किंवा मोकळ्या पॅलेटवर उभे करून वर नेले जाते. हे कधीच करू नये.

या आठ कारणांत ऑपरेटरच्या हातात असलेली किती? फार थोडी. वाट आखणे, आरसा लावणे, प्रशिक्षण देणे, ब्रेक दुरुस्त करणे, ट्रक भरायला पुरेसा वेळ देणे ही सगळी व्यवस्थापनाची कामे आहेत.

इजा आणि पहिला तास

फोर्कलिफ्टच्या धडकेतल्या इजा बाहेरून दिसतात त्याहून आत गंभीर असतात. पायाची हाडे चुरली जाणे, कातडी मांसापासून सोलून निघणे, कंबरेचे हाड मोडून पोटात रक्तस्राव होणे, बरगड्या मोडून फुप्फुसाला इजा होणे, मणक्याला मार लागणे हे प्रकार दिसतात. स्नायू बराच वेळ चेपून राहिले, तर दाब निघाल्यावर त्यातले विषारी घटक रक्तात मिसळून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यामुळे "रक्त फारसे नाही, घरी जाऊन आराम कर" असे कोणी म्हटले तरी ऐकू नये.

अशा वेळी काय करावे :

- फोर्कलिफ्ट बंद करा, चावी काढा. माणूस खाली अडकला असेल तर घाईने गाडी पुढे-मागे करू नका. ती दुसऱ्यांदा त्याच्या अंगावरून जाऊ शकते.
- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि मोफत आहे.
- वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने जोरात आणि सतत दाब द्या. माती, हळद, तेल लावू नका. चेपलेला भाग चोळू नका.
- पाठीला किंवा मानेला मार असेल तर उचलून बसवू नका, दुचाकीवर नेऊ नका.
- शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका.
- अपघात किती वाजता झाला आणि माणूस किती वेळ दबलेला होता, हे डॉक्टरांना सांगा.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गंभीर रुग्णाला पुढे नागपूरला पाठवावे लागते. पाठवण्याआधी पहिल्या रुग्णालयाचे कागद सोबत घ्या. केसपेपरवर "कामावर असताना फोर्कलिफ्टच्या धडकेने" असे स्पष्ट लिहायला सांगा आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करून घ्या. "पाय घसरून पडला" असे लिहिले गेले, तर पुढे तेच एक वाक्य तुमच्या विरोधात वापरले जाते.

मालकाचे कर्तव्य हा उपकार नाही

भारतात कामावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई देण्याचा कायदा १९२३ सालचा आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४३ साली, बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. १९४४ च्या त्यांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. याच बाबासाहेबांनी १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. आपल्या भागाने त्यांना लोकसभेत पाठवले नाही, पण त्यांच्या काळात पाया घातला गेलेल्या कायद्यांचा आधार इथल्या कामगाराला आजही आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीची तरतूद आहे, तीही याच विचारातली.

१९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात कलम ७-अ घालण्यात आले. कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य राखणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. वस्तू हाताळणे, साठवणे आणि वाहून नेणे यांतला धोका दूर करणे त्यात स्पष्टपणे येते. फोर्कलिफ्टचे सगळे काम याच तीन शब्दांत बसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आणि १९२३ च्या भरपाई कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने. मालकाच्या कर्तव्याचे आणि भरपाईचे मूळ सूत्र कायम आहे. सुरक्षेचे कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू झाला, तर नव्या संहितेत २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. या दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते.

पण एक गोष्ट गोंदियाने लक्षात ठेवायला हवी. जुन्या अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत ही संख्या २० झाली आहे. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी आता ५० कामगारांपासून लागू होतात. लहान भात गिरण्यांना याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला संहितेची सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात, पण कारखान्यासाठीचे खास नियम तिथून निसटतात. त्यामुळे हजेरीपटावर किती नावे दाखवली जातात आणि प्रत्यक्षात किती माणसे राबतात, हा आता सुरक्षिततेचाही प्रश्न झाला आहे.

"तो आमचा माणूस नाही" हे उत्तर चालत नाही

अपघातानंतर कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार फोन बंद करतो. भरपाईच्या कायद्यात याचे उत्तर आहे. १९२३ च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार, मालकाच्या आवारात त्याच्याच धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले जात असेल, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. तो त्या दोघांचा व्यवहार आहे.

आणखी चार गोष्टी पाठ असू द्या :

- सहकाऱ्याची किंवा ऑपरेटरची चूक होती, म्हणून भरपाई अडत नाही.
- जखमी ऑपरेटरलाही भरपाई मिळते. नशेत असणे किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे ही कारणे मालक पुढे करू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत.
- "मला काही मागायचे नाही" असे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले तरी हक्क संपत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार रद्दबातल आहे.
- मृत्यूची भरपाई आयुक्ताकडे जमा करावी लागते. घरी येऊन हातात ठेवलेले लाख-दोन लाख म्हणजे हिशेब मिटला असे नव्हे.

भरपाईचा हिशेब

सूत्र सोपे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले तोच गुणक. हा गुणक २० व्या वर्षी २२४.००, २५ व्या वर्षी २१६.९१, ३० व्या वर्षी २०७.९८ आणि ४० व्या वर्षी १८४.१७ आहे. हिशेबासाठी धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये करण्यात आली.

उदाहरण म्हणून ३० वर्षांचा, महिना १२,००० रुपये मिळवणारा कामगार घ्या :

- मृत्यू : ६,००० × २०७.९८ = १२,४७,८८० रुपये
- कायमचे पूर्ण अपंगत्व : ७,२०० × २०७.९८ = १४,९७,४५६ रुपये
- हाताचा अंगठा गेला (अनुसूचीप्रमाणे ३० टक्के) : सुमारे ४,४९,२३७ रुपये
- पायाचा अंगठा मुळापासून गेला (१४ टक्के) : सुमारे २,०९,६४४ रुपये

तात्पुरते अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे या उदाहरणात ३,००० रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधाची प्रत्येक पावती जपून ठेवा. देय झाल्यापासून महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

टक्केवारीचा तक्ता हा शेवटचा शब्द नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात निकाल दिला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते ते पूर्ण अपंगत्वच आहे, असे न्यायालयाने मान्य केले. पाठीवर ५० किलोचे पोते वाहणाऱ्या हमालाचा पाय गेला तर तक्त्यात किती टक्के लिहिले आहेत एवढेच पाहू नका. तो ते काम पुन्हा करू शकतो का, हा प्रश्न डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात आणि अर्जात आला पाहिजे.

पगारातून कर्मचारी राज्य विम्याची कपात होत असेल तर भरपाई विमा महामंडळाकडून मिळते. तेव्हा मालकाकडे वेगळी मागणी करता येत नाही. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कपात होते पण विमा क्रमांकच दिलेला नाही, असे असेल तर तो आजच मागा. नोंदणीकृत हमालांनी १९६९ च्या माथाडी कायद्याखालचे आपले ओळखपत्र सोबत ठेवावे.

धडक कारखान्याबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर झाली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग खुला होऊ शकतो. मात्र फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास वाहनांना मोटार वाहन कायद्याने व्याख्येतूनच वगळले आहे. शिवाय दोन मार्गांपैकी एकच निवडता येतो. निवड वकिलाला विचारूनच करा.

पहिल्या आठवड्यात करायची कामे

१. जागेचे फोटो आणि चित्रीकरण त्याच दिवशी घ्या : चाकांच्या खुणा, अरुंद वाट, फुटलेला दिवा, यंत्राचा क्रमांक. दुसऱ्या दिवशी पट्टे रंगवलेले दिसतात.

२. सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवावे, अशी लेखी मागणी करा आणि पोहोच घ्या. काही दिवसांत जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते.

३. काम करत असल्याचे पुरावे गोळा करा : गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेत आलेला पगार, ठेकेदाराचे संदेश, गणवेश.

४. सोबतच्या दोन-तीन कामगारांची नावे आणि फोन क्रमांक घ्या. परप्रांतीय सहकारी हंगाम संपला की निघून जातात.

५. पोलिसांत जबाब देताना फक्त ऑपरेटरचे नाव सांगून थांबू नका. वाट कशी होती, ब्रेकची तक्रार आधी केली होती का, त्या दिवशी यंत्रावर कोणाला आणि कोणी बसवले, हेही लिहून घ्यायला सांगा.

६. मालक आणि ठेकेदार दोघांनाही अपघाताची लेखी सूचना पाठवा. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडे तक्रार करा.

७. भरपाईचा दावा लवकर दाखल करा. १९२३ च्या कायद्यात मुदत २ वर्षांची होती. पण पुरावा दोन महिन्यांतच विरतो.

स्थलांतरितांच्या कुटुंबांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट : १९२३ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. जखमी कामगार किंवा वारस जिथे राहतात त्या भागातही तो दाखल करता येतो. मुलगा भिवंडीत गेला म्हणून सालेकशाच्या आईने भिवंडीच्या तारखा करण्याची गरज नाही. जिल्ह्यात हे काम कोणत्या न्यायालयाकडे आहे ते कामगार कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. या प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीजमातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला सोबत ठेवा.

अपघात होण्याआधी मागायच्या गोष्टी

भरपाईने पाय परत येत नाही. म्हणून कामगारांनी आणि कार्यकर्त्यांनी मालकापुढे आधीच लेखी मागण्या ठेवाव्यात :

- पायी चालणाऱ्यांसाठी रंगवलेला वेगळा पट्टा आणि शक्य तिथे लोखंडी कठडा
- आंधळ्या कोपऱ्यांवर गोल आरसे, दारांजवळ मोकळी जागा
- माणसे असतील तिथे चालण्याच्या वेगाइतकाच वेग, माल जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर
- मागे घेताना वाजणारा भोंगा आणि जमिनीवर पुढे पडणारा निळा दिवा
- ट्रक भरताना चाकाला लाकडी ठोकळा आणि चालकाची चावी काढून ठेवण्याची पद्धत
- पाळी सुरू होताना यंत्राची तपासणी करून वहीत सही. दोष असेल तर यंत्र बंद
- प्रशिक्षित ऑपरेटरची नावे फलकावर, बाकी कोणाच्याही हातात चावी नाही
- हमालांना पुढे लोखंडी टोपी असलेले बूट आणि चमकणारे जाकीट, फुकट

यातल्या बहुतेक गोष्टींना रंगाचा डबा, काही आरसे आणि थोडी शिस्त एवढाच खर्च आहे. धोक्याची माहिती मागण्याचा आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क नव्या संहितेनेही कामगाराला दिला आहे. एकट्याने बोलले तर दुसऱ्या दिवशी काम जाते, हे खरे आहे. म्हणूनच दहा जणांच्या सह्यांचा अर्ज लागतो आणि बाहेरून पाठीशी उभी राहणारी संघटना लागते.

गावागावांतल्या तरुण मंडळांनी यात एक साधे काम करता येईल. आपल्या वस्तीतून कोण, कोणत्या शहरात, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या आस्थापनेत कामाला गेला आहे, याची वही विहारात ठेवा. मूळ कंपनीचे नाव, ठेकेदाराचा फोन, विमा क्रमांक आणि घरच्यांचा संपर्क, एवढ्या चार रकाने पुरेत. रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढून ती भरता येते. अपघाताचा फोन रात्री दोनला येतो. तेव्हा "कंपनीचे नाव काय?" या पहिल्याच प्रश्नाला घरात उत्तर नसते. ते उत्तर वहीत असेल, तर पुढचा प्रत्येक हक्क मागायला सुरुवात करता येते.